परवाना आणि पात्रता

सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास तळेगाव ढमढेरे गावातून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेले तरुण, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले शेतकरी, महाविद्यालयाच्या वाटेवरच्या मुली, लेकराला शाळेत सोडायला निघालेले वडील, असा सारा गाव दुचाकीवरून वाहत असतो. पुणे-नगर महामार्गाला (आताचा पुणे-अहिल्यानगर) हा रस्ता जेथे मिळतो, तेथे हा प्रवाह अवजड मालमोटारींच्या लोंढ्यात मिसळतो. या गर्दीत हमखास एक दृश्य दिसते. शाळेच्या गणवेशातला, मिसरूडही न फुटलेला एक मुलगा मागे दोन सवंगड्यांना बसवून गाडी दामटत जातो. त्याला कुणी थांबवीत नाही. उलट पारावरची मंडळी कौतुकाने म्हणतात, "पोरगं काय सफाईनं गाडी चालवतंय!"

या कौतुकातच आपल्या रस्त्यांवरील रक्तपाताचे मूळ आहे, असे म्हटले तर अनेकांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून आधी काही आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली. मृतांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्यामुळे प्राणास मुकलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती. एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक बळी गेले. एखाद्या युद्धात वा साथीच्या रोगात इतकी माणसे गेली असती तर आपण हलकल्लोळ माजविला असता. रस्त्यावर गेलेल्यांसाठी मात्र 'त्याची वेळ भरली होती' हे एक वाक्य आपल्याला पुरते.

19 मे 2024 रोजी पुण्यातील कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर जे घडले, त्याने काही काळ आपली ही झोप उडाली होती. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातातील भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्या मुलाला काही तासांतच जामीन मिळाला, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. तो संताप रास्तच होता. धनदांडग्यांना एक न्याय आणि सामान्यांना दुसरा, हे कोणत्याही सुस्थ समाजाने सहन करू नये. परंतु त्या दिवसांत चावडीवर बसून त्या श्रीमंत बापाला शिव्याशाप देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच संध्याकाळी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊन "जा, कोपऱ्यावरून साखर घेऊन ये" असे सांगितले असेल? मोटार आणि मोटारसायकल यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. पण अजाण मुलाच्या हाती यंत्र सोपविणाऱ्या बापाच्या मनोवृत्तीत कोणते अंतर आहे? हा प्रश्न बोचरा आहे. पण तो स्वतःला विचारल्यावाचून सुटका नाही.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार गिअर असलेली मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला. हा नियम झाला तेव्हा घरोघरी लूना होती. आज पन्नास सीसीची गाडी बाजारात शोधूनही सापडणे कठीण. घराघरांत दिसणाऱ्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात. तरीही 'गिअर नाही म्हणजे सोळाव्या वर्षी चालते' हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसला आहे. 2019 च्या दुरुस्तीने तर पालकांवरच थेट जबाबदारी टाकली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक वा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. मुलाच्या आयुष्यातील उमेदीची सात वर्षे आपण एका किल्लीपायी पणाला लावतो, याची कल्पना किती मायबापांना असते?

वयाचा प्रश्न हा झाला एक भाग. दुसरा भाग अधिक व्यापक आहे आणि त्यात आपण प्रौढही सुटत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना मिळवायचा असतो. पण तो 'मिळवायचा' असतो की 'काढायचा' असतो? आपल्या बोलीत आपण परवाना 'काढतो', जसा सातबाराचा उतारा काढतो वा रेशनकार्ड काढतो. म्हणजे तो एक कागद आहे, त्याला काही फी आहे, काही खेटे आहेत आणि खेटे वाचवायला एक मध्यस्थ आहे. परवाना म्हणजे पात्रतेची खूण आहे, हे आपल्या भाषेलाच मान्य नाही, तर मनाला कोठून मान्य होणार?

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःपासूनच सुरुवात केलेली बरी. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी, पदवीच्या वर्गात असताना, शेजारच्या काकांच्या एम-एटीवर आम्ही गाडी शिकलो. शिकलो म्हणजे दोन संध्याकाळी मैदानात घिरट्या घातल्या. एका एजंटाने कागदपत्रे घेतली, ठरलेल्या दिवशी बोलावले, मैदानात आखलेल्या आठच्या आकड्यातून एक फेरी मारायला लावली आणि महिनाभरात परवान्याचे पुस्तक हाती आले. फेरीत दोनदा पाय टेकला होता; कुणी काही म्हटले नाही. त्या वेळी या सोयीचे आम्हांला कौतुकच वाटले. पुढे तीनच महिन्यांनी तिन्हीसांजेला आईला मागे बसवून येत असताना वळणावर सांडलेल्या वाळूवर आम्ही पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी आडवी झाली. आईचा उजवा हात मनगटात मोडला. तो नीट जुळला. पण त्यानंतर भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबत असे. तिने आम्हांला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. वळणावर ब्रेक कसा धरावा, हे आम्हांला कुणी शिकविले नव्हते आणि आम्ही कुणाला विचारले नव्हते, एवढेच त्या घटनेचे सार. परवाना मात्र खिशात होता.

तेव्हापासून व्यवस्था पुष्कळ बदलली, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. अर्ज आता संगणकावर भरता येतो. तारीख घरबसल्या निवडता येते. शिकाऊ परवान्याची चाचणी संगणकावर होते आणि ती मराठीत देता येते. महाराष्ट्रात या चाचणीत पंधरा प्रश्न येतात. त्यांपैकी नऊ अचूक आले की उमेदवार उत्तीर्ण होतो. 2021 पासून आधारच्या ओळखीवर ही चाचणी घरूनही देता येऊ लागली. खेड्यातल्या माणसाचा शहराचा एक हेलपाटा त्यामुळे वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु यंत्र बदलले तरी माणसाची वृत्ती बदलत नाही, याचा प्रत्यय येथेही आला. उमेदवार चेहरा दाखवून बाजूला होतो आणि उत्तरे दुसराच कुणी देतो, असे प्रकार सर्रास चालतात, हे उघड गुपित आहे. ज्याने ती उत्तरे दिली, तो काही उद्या त्या मुलाच्या गाडीवर मागे बसून त्याला खुणांचा अर्थ सांगणार नसतो.

वस्तुतः या चाचणीसाठी लागणारा अभ्यास तो काय? चार-पाच संध्याकाळींचा. लाल वर्तुळातील खूण आज्ञा करते, ती मोडणे हा गुन्हा आहे. लाल त्रिकोणातील खूण सावध करते: पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. निळ्या आयतातील खूण माहिती देते. जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. ओलांडायचे ते उजव्या बाजूने; आणि वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर, जेथे समोरचे दिसत नाही तेथे मुळीच नाही. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस. एवढी पाच-सात सूत्रे ज्याच्या अंगवळणी पडली, त्याला पंधरापैकी नऊ नव्हे, चौदा गुण मिळतील. दहावीच्या परीक्षेसाठी वर्षभर शिकवणी लावणारे आपण, ज्या परीक्षेत नापास होण्याची शिक्षा प्राणाने भोगावी लागते तिच्यासाठी चार संध्याकाळी काढू शकत नाही काय?

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस कायद्याने उगाच ठेवलेले नाहीत. ते शिकण्यासाठी आहेत. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' अक्षर लावायचे असते आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कुणालाही मागे बसवायचे नसते. आपल्याकडे हे तीस दिवस कसे जातात? 'एल' लावणे कमीपणाचे वाटते आणि शिकाऊ परवाना हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी बहिणीला वा मित्राला मागे बसवून वारी निघते.

त्याऐवजी हे तीस दिवस कसे घालवावेत, हे कुणा अनुभवी चालकाने घरातल्या मुलाला सांगावे. पहिला आठवडा मोकळ्या मैदानात. विटांचे तुकडे मांडून आठचा आकडा आखावा आणि पाय न टेकता, कमी वेगात, क्लच आणि मागच्या ब्रेकच्या तोलावर त्यातून गाडी काढावी. नजर पुढच्या चाकाकडे नव्हे, जेथे जायचे तेथे ठेवावी. गाडी नजरेमागे जाते. ज्याला गाडी हळू चालविता येत नाही, त्याला ती वेगात चालविण्याचा अधिकार नाही, हाच त्या आठच्या आकड्याचा अर्थ आहे. दुसऱ्या आठवड्यात ब्रेकचा सराव करावा. गाडी थांबविण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो सरळ रेषेत, क्रमाक्रमाने दाबायचा असतो, मागच्याच्या जोडीने. वाळूवर, चिखलावर, वळणात तो झटक्याने दाबला की काय होते, ते आमच्या आईच्या मनगटाने आम्हांला शिकविले. तिसऱ्या आठवड्यात गावातले रस्ते: आरशात पाहणे, वळण्याआधी खूण देणे, मान वळवून खांद्यावरून एकदा मागे पाहणे. महामार्ग सर्वांत शेवटी, तोही दिवसाउजेडी.

आणि एक हिशेब प्रत्येक नवशिक्याकडून पाठ करून घ्यावा. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. समोरचा अडथळा डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत जागरूक माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच सतरा मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण चाळीस मीटरच्या आत ती थांबणे नाही. आता शिरूर-दौंड भागातील उसाच्या हंगामातली रात्र आठवावी. न्हावऱ्याकडच्या रस्त्याच्या कडेला नादुरुस्त होऊन उभी असलेली ऊस भरलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी नाही. खाली झुकवलेल्या दिव्याचा उजेड तीसेक मीटरपर्यंत. साठच्या वेगात येणाऱ्या मुलाला ती ट्रॉली दिसेल, तेव्हा तिच्यावर आदळण्यापासून त्याला वाचविणे त्याच्या हातात राहिलेलेच नसेल. ट्रॉलीला दिवा न लावणारा दोषी आहेच. कारखान्यांनी व पोलिसांनी त्याला पट्टी लावण्यास भाग पाडलेच पाहिजे. परंतु उजेडाच्या पल्ल्याबाहेर धावायचे नाही, एवढा विवेक चालकाच्या हाती उरतो आणि तोच त्याला वाचवितो.

हेल्मेटची गोष्ट निराळी सांगायला नको. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, कृती समित्या झाल्या. उकाडा होतो, केस गळतात, मान दुखते, ही कारणे पुढे आली. हेल्मेटखाली होणाऱ्या उकाड्याने कुणी दगावल्याचे ऐकिवात नाही. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, तेही हनुवटीखालचा पट्टा आवळून; टाकीवर ठेवलेले वा कोपरात अडकविलेले हेल्मेट केवळ कोपराचे रक्षण करते.

आता ज्यांना नीती आणि नियम यांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराची एक गोष्ट. वाहनमालक स्वतः गाडी चालवीत असताना अपघातात दगावला, तर त्याच्या वारसांसाठी वैयक्तिक अपघात विम्याचे पंधरा लाखांचे संरक्षण असते. पण त्यासाठी त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. परवाना नसलेल्याच्या हातून दुसऱ्या कुणाचा जीव गेला, तर विमा कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वरणसिंग खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्याने 'जा, साखर घेऊन ये' म्हटले, त्याच्या जमिनीच्या तुकड्यापर्यंत ही वसुली पोहोचू शकते. घरातला कर्ता गेला आणि परवान्याअभावी विमाही गेला, अशी दुहेरी आपत्ती आपण आपल्या हाताने ओढवून घेतो.

दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. खेड्यातल्या माणसाला दुचाकी ही चैन नाही. 2021-22 च्या एसटी संपाच्या दीर्घ काळात ज्यांनी कामावर, दवाखान्यात, परीक्षेला जाण्यासाठी दुचाकीचा आधार घेतला, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. पाळीची वेळ गाठायची तर बसच्या भरवशावर राहून चालत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या हाती स्कूटर आली आणि तिच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली, अशी शेकडो उदाहरणे आहेत. म्हणूनच परवान्याची प्रक्रिया सोपी, स्वच्छ आणि जवळ असली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणची शिबिरे नियमित व्हावीत. ज्या चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्याने वीस वर्षे परवान्यावाचून गाडी चालविली, त्याला संगणकाची आणि साहेबाची भीती वाटते. मोटारसायकलच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही, हेही त्याला ठाऊक नसते. त्याला दंडाच्या पावतीपेक्षा आधी हात धरून नेणाऱ्याची गरज आहे. आणि चाचणी घेणाऱ्यांनी ती खरोखरच घ्यावी. ज्याचा पाय टेकला त्याला नापास करावे. कायद्याने सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येतेच. आज नापास करणारा अधिकारी त्या मुलाचा वैरी नव्हे, हितचिंतक आहे.

पण सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली जुनी सवय येथे कामाची नाही. कायदा दंड करू शकतो, वळण लावू शकत नाही. वळण घर लावते, शाळा लावते, समाज लावतो. तळेगाव ढमढेरेसारख्या गावात प्रशाला आहे, महाविद्यालय आहे, गणेश मंडळे आहेत, तालमी आहेत, वाहतुकीच्या व्यवसायातील अनुभवी चालक आहेत. दरवर्षी अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलामुलींची यादी करून मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभराचा वर्ग का घेऊ नये? सकाळी खुणांचा अभ्यास, संध्याकाळी मैदानात आठचा आकडा; शेवटी सर्वांनी मिळून चाचणीला जायचे, एजंटावाचून, स्वतःच्या बळावर. या उपक्रमाला ना मोठा निधी लागतो, ना मंत्र्यांची वेळ. शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल आणणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना मुख्याध्यापकांनी एकदा सन्मानाने बोलावून समजावले, तरी पुष्कळ साधेल. आणि पारावरच्या मंडळींनी 'काय सफाईनं चालवतंय' म्हणण्याऐवजी "बाळा, उतर, बापाला पाठव" एवढे म्हटले, तर बाकीचे निम्मे काम होईल.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, तिला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. ही केवळ रूढी नाही. जे साधन आपले पोट भरते, त्यात शक्ती आहे आणि शक्तीला मर्यादेत ठेवूनच वापरायचे असते, हा त्या पूजेमागचा भाव आहे. शस्त्र हाती देण्याआधी शिष्याची पात्रता पाहणारे गुरू आपल्या परंपरेत होऊन गेले. मग शंभर किलोहून अधिक वजनाचे, साठ-सत्तरच्या वेगाने धावणारे यंत्र पोराच्या हाती देताना त्याची पात्रता कुणी पाहायची? एजंटाने?

यंदाच्या दसऱ्याला गाडीच्या हँडलला माळ घालताना प्रत्येकाने घरातल्या चालविणाऱ्या माणसांची एकदा मोजदाद करावी. किती जणांकडे परवाना आहे आणि त्यांपैकी किती जणांनी तो खरोखर मिळविलेला आहे? ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या हाती त्या दिवशी प्रसादाचे खोबरे द्यावे; किल्ली मात्र देऊ नये.